छोटूचा अडकलेला चेहरा

छोटू म्हणजे टक्कल पडलेला, पोट सुटलेला, दोन पोरांचा बाप. पण बाबांच्या तोंडी एकदा बसलेलं नाव टक्कल पडलं म्हणून सुटत नाही. तो दुसऱ्या शहरात मोठ्या घरात राहायचा आणि दर रविवारी सकाळी बाबांना दर्शन द्यायचा, तेही डेस्कटॉपवरच. मोबाइलवर तो काडेपेटीएवढा दिसतो अशी बाबांची तक्रार होती. डेस्कटॉपसुद्धा त्यानेच पाठवलेला. स्वतःला नवा घेतल्यावर जुना इकडे ढकललेला. बाबा मात्र आल्यागेल्याला "मुलाने दिलाय" असं छाती फुगवून सांगायचे. मुलगी रोज आंघोळ घालते, हे काही आल्यागेल्याला सांगण्यासारखं नव्हतं.

ही मुलगी म्हणजे ताई. छोटूपेक्षा मोठी, लग्न न झालेली, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवणारी. मेणात एकेक दात रोवायचा, रंग जुळवायचा, कडा घासून गुळगुळीत करायच्या. दिवसभर परक्यांच्या तोंडची सोय करायची आणि संध्याकाळी घरी येऊन बाबांच्या तोंडाला तोंड द्यायचं. आई गेली आणि बाबा तिच्या गळ्यात पडले ते पडलेच. त्यांचा एक गुडघा गेला, मग दुसरा गेला, वॉकर आला. जीभ तेवढी शाबूत राहिली.

आणि आता ताईला बोलावणं आलं होतं. लांबच्या गावातल्या एका मोठ्या लॅबला कवळ्यांच्या विभागाची प्रमुख हवी होती. राहायला खोली, हाताखाली माणसं. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. जायचं तर बाबांना छोटूने नेलं पाहिजे आणि हे छोटूशी बोलायचं तर नेट टिकलं पाहिजे. तिथंच घोडं पेंड खात होतं.

तिने फोनवर विषय काढून पाहिला होता. "असल्या गोष्टी फोनवर नको, रविवारी बाबांच्या समोर बोलू," असं म्हणून त्याने तो झटकला होता. आणि रविवारी नेट दगा द्यायचं. कधी पोरांच्या मार्कांवर, कधी बाबांच्या गुडघ्यांवर, कधी नेमकं ताईने घसा साफ केला की छोटूचा चेहरा थिजायचा, आवाज तुटायचा, पडदा काळा व्हायचा. मग मेसेज यायचा, 'तुमचं नेट गेलं. पुढच्या रविवारी.' नेट खरोखरच खराब होतं, त्यात छोटूचा काही हात नव्हता. काही माणसांचं नशीबच त्यांची कामं करतं.

"या खेपेला मी बघते कसं जातं ते," असं म्हणत शनिवारी ताईने पदर खोचला.

"तू काय बघणार? ते दात नव्हेत," बाबा म्हणाले. "मला खुर्ची दे."

बाबांची सगळी नोकरी लिफ्टदुरुस्तीत गेली होती. अडकलेली कुठलीही वस्तू आपलीच, असं त्यांना अजून वाटायचं. ते खुर्चीत बसले, वॉकर समोर ओढला आणि हुकूम सोडायला लागले. ताई टेबलाखाली पोटावर पडली.

"आधी दोष कुणाचा ते ठरवायचं. पाना मग उचलायचा. तुझा मोबाइल इथे कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेव. काहीतरी लाव त्यावर."

ताईने एक व्हिडिओ लावला. तो न अडखळता शेवटपर्यंत चालला.

"म्हणजे राउटर चोर नाही. चोर डब्यात आहे."

"एवढी डोकेफोड कशाला? राउटरपासून सरळ वायर आणते इथपर्यंत."

"आण. मी वॉकरसकट तिच्यात पाय अडकवून पडतो. तुझी सुटका."

"तुम्ही कुठले पडताय! माझे दात पडतील, तरी तुम्ही इथेच."

"मग करून घे एक कवळी. घरचंच काम."

दोघंही हसली नाहीत. या घरात असलं बोलणं पाणी मागितल्यासारखं व्हायचं.

टेबलाखालचा लोखंडी डबा ताईने ओढून पुढे घेतला. मागे धुळीचा गालिचा होता. त्या धुळीत, भिंतीला नाक लावून, नेट पकडणारी बोटाएवढी पट्टी एका खाचेत खोचलेली होती. शेजारच्याच खाचेत जुन्या हार्डडिस्कची वायर. ताईने वर्णन करून सांगितलं आणि बाबांनी मांडीवर थाप मारली.

"लोखंडामागे तोंड लपवून बसल्यावर तिला काय ऐकू येणार? वर शेजारीण कानात बडबडतेय. काढ तिला तिथून. एखादी लांब वायर जोडून वर टेबलावर आण, राउटरकडे तोंड करून."

पट्टी टेबलावर आली. नेटचे चारही दांडे भरले. बाबा खूश झाले, आणि तेवढ्यात दांडे गेले. म्हातारा शिवी हासडून पुन्हा पुढे सरकला. आता ताई माउस चालवत होती आणि बाबा भिंगातून पडदा वाचत होते. सेटिंगच्या पोटात, त्या पोटाच्याही पोटात, एका लहानशा चौकटीत खूण होती. वीज वाचवण्यासाठी मशीनने ही पट्टी वाटेल तेव्हा बंद करावी, अशी परवानगी कुणीतरी देऊन ठेवली होती.

"कुणी दिली ही परवानगी?"

"मशीन छोटूचं होतं," ताई म्हणाली.

"मशीन आपोआप देतं ती," बाबा घाईने म्हणाले. "खूण काढून टाक."

मग राउटरचा चॅनलही बदलला, कारण सगळे शेजारी त्याच एका चॅनलवर गर्दी करून बसले होते. संध्याकाळ झाली तरी नेट हललं नाही. ताईच्या केसांत जळमटं होती, कोपर सोलवटलं होतं. बाबा पडद्याकडे बघत म्हणाले, "मशीन दणकट आहे. छोटूची निवड." बापाला सगळी लेकरं सारखी असतात ही थाप पहिल्यांदा कुणीतरी एकुलत्या एका मुलाने मारली असावी.

तरी ताईला त्या म्हाताऱ्याचा पुरता राग करता येत नव्हता. त्याला कारण होतं. झोपेत ते बोलायचे. "एकदा तरी ये म्हणालास का रे," एवढंच, पुन्हा पुन्हा. तिने ते भिंतीपलीकडून कितीदा ऐकलं होतं. म्हणजे आत कुठेतरी हिशोब लागलेला होता, फक्त तो जागेपणी जिभेवर येत नव्हता.

रविवारी छोटू उगवला तो इतका स्वच्छ की दाढीचे पांढरे खुंट मोजून घ्यावेत. गडद शर्ट घालून, समोर चहाचा मग ठेवून बसला होता.

"अरे वा, आज एकदम स्पष्ट दिसताय," तो म्हणाला. त्याला फार आनंद झाल्यासारखं वाटलं नाही.

"काल दिवसभर खपलो," बाबा म्हणाले. "आता तारीख बदलेल, नेट जाणार नाही."

मार्क झाले. गुडघे झाले. ताईने खुर्ची पुढे ओढली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. लांबची लॅब, खोली, सोमवार. "मला उद्या उत्तर द्यायचंय. तुझ्याकडे जागा आहे. बाबांना तू ने. नेशील ना?"

छोटूचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. डोळे जरा डावीकडे वळलेले, भुवई वर गेलेली. तो तसाच राहिला.

"गेलं?" बाबांनी विचारलं.

ताईने माउसकडे हात नेला. कोपऱ्यात चारही दांडे भरलेले होते. तिने पुन्हा छोटूकडे पाहिलं. आणि तिला दिसलं. त्याच्या गडद शर्टासमोर, मगातून, चहाची वाफ वर चढत होती. हलकी, पांढरी, वळत वळत. छोटू अडकला होता. चहा अडकला नव्हता.

तिच्या पायापासून डोक्यापर्यंत संताप चढला. चाळिशी उलटलेला घोडा, श्वास धरून, डोळे ताणून, बापाला नाही म्हणायला नको म्हणून पुतळा झाला होता! तिला वाटलं पडद्यावर थुंकावं. मग तिला त्याहून चांगलं सुचलं. बसलायस ना? बस. आता हलता येणार नाही, कान झाकता येणार नाहीत. आता ऐक.

"हो बाबा, गेलं," ती म्हणाली. "पार अडकलाय. त्याला काही ऐकू जात नाही. आता तुम्ही मोकळेपणी बोला. त्याच्याबद्दल पोटात काय आहे ते एकदा बोलून टाका."

बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. ताईला वाटलं, आता येतंय. तिला चक्क आनंद झाला, दुखरा दात मुळासकट निघताना होतो तसा.

"त्याच्याबद्दल काय बोलायचं?" बाबा म्हणाले. आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "त्याला संसार आहे. पोरं आहेत. बायकोला विचारावं लागतं. त्याच्या गळ्यात मी कशाला पडू? मी इथेच बरा आहे."

"आणि मी?"

"तुझं काय? तुझं कुठे काय अडलंय? दात इथेही घासतेस, तिथेही घासशील. या वयात प्रमुख होऊन कुणाला दाखवायचंय? उद्या नाही म्हणून कळव. आणि मी असं म्हणालो ते छोटूला सांगू नकोस. उगाच त्याच्या जिवाला लागेल."

पडद्यावर छोटूच्या पापण्या लवल्या.

"हॅलो? हॅलो, बाबा? हां, आता येतोय आवाज. मधे एकदम गेलं बघा. काय म्हणत होता?"

"काही नाही रे. ताईचं ते लांबच्या नोकरीचं रद्द झालंय, तेच बोलत होतो."

"अरेरे. असं कसं, ताई? चांगली संधी होती."

त्याने समोरचा मग उचलला आणि चहा प्यायला. भुर्रकन, मोठा घोट. ताईने खुर्ची मागे ओढली. बोलायचं खूप होतं, पण त्यातलं काहीही बोललं तरी 'बाबांना मीच बोलायला लावलं' इथेच येऊन थांबत होतं. छोटूने पोरांना बोलावलं, पोरांनी आजोबांना हात हलवला आणि कॉल संपला. नेट एकदाही गेलं नाही.

बाबा पडद्याची धूळ रुमालाने पुसायला लागले.

"तो अडकला नव्हता," ताई म्हणाली. "नाटक करत होता. सगळं ऐकत होता. चहाची वाफ हलत होती, बाबा."

"दिसली मला," बाबा म्हणाले.

ताईने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"चष्मा उगाच पुसला का मी? म्हणून तर मोठ्याने बोललो. तोंडावर सांगितलं असतं, तर त्याची मान खाली गेली असती. आता त्याला कुणाला नाही म्हणावं लागलं नाही. पोरगा सुटला." त्यांनी रुमालाची घडी घातली, वॉकर जवळ ओढला आणि हात पुढे केला. "चल, उठव मला. आंघोळीला उशीर झाला."

ताईने हात दिला.