पान अकरा, होडी

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी एका जाड शब्दकोशाच्या पाठीला खळ लावत होतो. तिथं माझ्या बायकोजवळ तिचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा, बसला होता. "भावोजी, ताई गेली," एवढंच म्हणाला. मी "बरं" म्हणालो. खळ लावलेलं पुस्तक तसंच ठेवलं तर वाकडं वाळतं, म्हणून ते प्रेसमध्ये दाबलं, हात धुतले आणि मग निघालो. तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही.

आम्ही दोघं नवराबायको घरीच बाइंडिंगचं काम करायचो. बाहेरच्या खोलीत माझं टेबल आणि कापायचं मशीन. शिलाई तिच्याकडे. शिलाई संपली की ती आतल्या खोलीत कंप्युटरवर गेम खेळायला बसायची. त्यात नदीकाठी एक गाव वसवायचं असतं. तिचं गाव चांगलं मोठं झालंय, असं ती सांगायची. मी बघायला आत गेलो की दोन्ही हातांनी स्क्रीन झाकायची.

"थांबा हो, पूल होऊ दे. पूल झाला की दाखवते. अर्धवट काम गिऱ्हाइकाला दाखवता का तुम्ही?"

गेम तिनं दुकानातून रीतसर विकत घेतला होता. बरोबर एक तपकिरी पुस्तिका आली होती. तिच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक चित्र, इतकं फिकट की झेरॉक्समध्ये उमटू नये. सुरू करताना दरवेळी गेम विचारायचा, अमुक पानावर कुठलं चित्र आहे? तीनदा चुकलं की बंद. पुस्तिका ज्याच्या हातात तोच खरा मालक, असं कंपनीनं धरलेलं.

रोज उघडून पुस्तिका खिळखिळी झाली. तिच्या वाढदिवसाला मी ती बांधून दिली. निळं कापड, खूण ठेवायला रेशमी फीत, आणि कुठलाही बाइंडर करतो तशा तिन्ही कडा मशीनवर एकसारख्या छाटल्या. कोपरे गेले. कोपऱ्यांबरोबर चित्रंही गेली.

तिनं पानं चाळली आणि इतकी हसली की स्टुलावरून उतरून जमिनीवरच बसली. "अहो, तुम्ही माझ्या घराच्या किल्ल्याच कापल्यात!" पुढं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती पुस्तिका दाखवायची. "बघा, यांचं काम किती सुबक. काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नाही."

बरीचशी चित्रं तिला पाठ होती. उरलेली चुकत चुकत पाठ केली. मेहुणा तेव्हाच म्हणाला होता, "ताई, याची फुकट कॉपी मिळते. ती काही विचारत नाही."

"तूच वापर ती. माझ्याच गावात मी चोरवाटेनं का जाऊ?"

ती गेल्यावर घरातली पाहुणेमंडळी पांगली आणि मी तिच्या खुर्चीवर बसलो. गाव बघायचं होतं, दुसरं काही नाही. गेमनं पान विचारलं. मी पुस्तिका उघडली. कडा सुरेख, कोपरा कोरा. तीनदा चुकलो, बंद झालं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद.

कंपनीला फोन केला. एक मुलगी बोलली. "मूळ मुखपृष्ठाचा फोटो पाठवा, सर."

"ते काढून टाकलं. कापडी घातलंय."

"मग ती आमचीच पुस्तिका आहे हे आम्ही कसं समजायचं?"

"अहो, मी बाइंडर आहे."

"हो सर, पण मुखपृष्ठ..."

मुलगी भली होती. तिचाही नाइलाज. पण मला राग आला. विकत घेतलेल्या वस्तूसाठी माणसानं किती वेळा हात जोडायचे?

मेहुण्याला हे कळलं तसा तो पेन ड्राइव्ह घेऊन हजर झाला. "घ्या. यात ताईचं गाव उघडतं, विचारून आलोय. चोराला दार सताड उघडं आणि मालक पायरीवर बसलेला. काय न्याय आहे!"

"तिला आवडलं नसतं."

"ती असती तर याची गरजच नव्हती, भावोजी."

"लाव," म्हटलं आणि बाहेर येऊन टेबलाशी उभा राहिलो. मला ते बघवलं नसतं. शाळेच्या वाचनालयाची पुस्तकं पडली होती, त्यातलं एक घेतलं आणि पाठीवर ब्रश फिरवायला लागलो.

आतून त्याचा आवाज आला. "आधी एकदा सरळ रस्त्यानं बघतो हं. काय विचारतंय? पान अकरा."

"होडी," मी म्हणालो.

"काय?"

"होडी. पान अकरा, होडी."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग तो ओरडला, "भावोजी, उघडलं! तुम्हाला काय माहीत?"

मला काहीच माहीत नव्हतं. ती प्रश्न मोठ्यानं वाचायची, उत्तरही मोठ्यानं द्यायची, आणि मी इथं खळ लावत असायचो. आतल्या खुर्चीवर बसून मनातल्या मनात वाचलं तेव्हा काहीच आठवलं नव्हतं. आतून कोणीतरी पान विचारायला हवं होतं, आणि माझा हात कामात हवा होता.

मी आत गेलो. गाव खरंच मोठं होतं. घरं, शाळा, बाजार, दोन रांगांत लावलेली झाडं. नदीला लागून एक बुटकं दुकान, निळ्या दाराचं. त्यावर माऊस नेला की नाव दिसायचं. तिनं लिहिलं होतं, 'कारागीर'. चिडवायचं असलं की ती मला हीच हाक मारायची.

"दुकानात गिऱ्हाईक एक नाही," मेहुणा म्हणाला.

"तिनं हुबेहूब केलंय."

तो हसला, मीही हसलो.

पेन ड्राइव्ह त्यानं खिशात घातला. आता तो आला की आत बसून पान वाचतो आणि मी टेबलावरून चित्र सांगतो. काही पानं मला येत नाहीत. ती निघाली की बंद करून पुन्हा लावायचं, येणारं पान लागेपर्यंत.

पूल माझ्या दुकानापासून निघतो आणि नदीच्या मध्यावर थांबतो. पलीकडच्या काठावर तिनं काहीच बांधलेलं नाही. उरलेल्या कमानी कशा घालायच्या हे आम्हा दोघांनाही येत नाही. पूल अर्धाच आहे.