दोन कॉलमांत न मावलेला पाय

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. मूळचा पोस्टकार्डाएवढा, काळा-पांढरा, आणि एका वर्तमानपत्राच्या कचेरीत दुसऱ्या खणातल्या खाकी पाकिटात कोंबलेला. पाकिटावर 'शेजारी देश : व्यापार' असं लिहिलं आहे. मला बाहेर काढतात ते कामापुरतं. काम झालं की पुन्हा अंधार.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या त्या शेजारी देशाच्या बंदरावर झाला. आपल्या जहाजातून माल उतरत होता. क्रेनला लटकलेली एक लोखंडी पेटी खाली येत होती आणि आपला एक खलाशी तिच्याखाली पाय ठेवून खुशाल गप्पा हाणत होता. तिथल्या मुकादमाने ते पाहिलं, मूठ उगारली आणि घसा फाडून ओरडला. बंदरावर उगारलेली मूठ म्हणजे क्रेनवाल्याला 'थांब' अशी खूण. पेटी थांबली, पाय वाचला. नेमका तोच क्षण आमच्या फोटोग्राफरबाईंनी टिपला. उजवीकडे मुकादम, डावीकडे पेटी, तिच्याखाली पाय.

पहिल्यांदा मी पुरा छापून आलो. काय माझं कौतुक! मग रीत पडली. दोन्ही देशांचं सूत जमलं की उपसंपादक माझ्यावर लाल पेन्सिलीने रेघा मारून मुकादमाचं नुसतं तोंड घ्यायचे. आ वासलेलं ते तोंड खळखळून हसल्यासारखं दिसायचं. जकातीवरून बिनसलं की तोंडासोबत मूठही घ्यायचे. मुकादम बिचारा तोच. त्याला ना तोंड मिटता येत होतं, ना हात खाली घेता. माझ्या पाठीवर दर खेपेचा शिक्का आहे. अकरा वेळा छापलो : सातदा हसरा, तीनदा रागीट, पुरा एकदाच.

बाराव्या खेपेला घाई होती. पेन्सिलीऐवजी माझ्यावर कात्रीच चालली आणि डावीकडचा पेटी-पायाचा तुकडा वेगळा झाला. मथळा आला, 'शेजाऱ्याची दमदाटी'.

चौथ्या दिवशी एक म्हातारा दोन्ही पायांनी ताडताड चालत कचेरीत आला.

"हा फोटो कुणी छापला?"

"मी. का हो काका?" उपसंपादक म्हणाले.

"अहो, हा माणूस माझ्यासाठी ओरडतोय! माझा पाय कुठे गेला यातला?"

"दोन कॉलमांत मावला नाही."

"आणि मथळा बरा चार कॉलमांत मावला! त्या देशाची शिलाई यंत्रं विकतो मी. फोटो आला त्याच दिवशी पाटीला डांबर फासलं कुणीतरी. गाळ्याचा मालक म्हणतो, शनिवारपर्यंत पाटी उतरव, नाहीतर गाळा सोड. पुरा फोटो छापा, एवढंच मागतो."

तुकड्याची शोधाशोध झाली. तो डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी करून घातला होता. म्हाताऱ्याने गुडघे टेकून तो ओढून काढला, झटकला आणि माझ्या शेजारी ठेवला. काही मिनिटं मी पुरा होतो.

उपसंपादक संपादकांकडे जाऊन आले ते डोकं खाजवत. "परवा करार होतोय, काका. साहेबांना हसरं तोंड हवंय. पाय नको म्हणतात."

"मग फोटो मला द्या. दुकानात लावतो."

"कचेरीचा आहे. नोंद आहे त्याची."

"आणि या तुकड्याची?"

उपसंपादकांनी खरोखरच नोंदवही उघडून पाहिली. "तुकड्याची नाही. न्या."

म्हाताऱ्याने स्वतःचा पाय खिशात घातला आणि तो गेला. आता त्याच्याकडे पाय आहे, वाचवणारा नाही. वाचवणारा माझ्यापाशी पाकिटात कोंडलेला आहे.

करार झाला, मी तेराव्यांदा छापलो, हसरा. शनिवारही उलटला. पाटी राहिली की उतरली, ते पाकिटात कळायला मार्ग नाही.

मित्रांनो, वर्तमानपत्रात कुणी परका तुमच्यावर ओरडताना दिसला, तर लगेच डांबराचा डबा उचलू नका. फोटोच्या कडेपलीकडे काय होतं, ते आधी विचारा. कदाचित तिथे तुमचाच पाय असेल.