सेरांबा बेटावरचं चोवीस तास पाणी

केसरबाईला त्या हॉटेलात पाय ठेवल्यापासूनच राग आला होता, आणि आलेला राग झाकून ठेवायची तिला कधी सवयच नव्हती. उभी नोकरी तिनं घाटीत, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, सिस्टर म्हणून काढली. वार्डात मोठमोठ्या डॉक्टरांना तोंडावर बोलणारी बाई, ती पोटच्या पोराला काय भिणार! पण प्रणयनं 'आई, नुसतं ऐकून तर घे, मग नाय म्हण' असं म्हणत म्हणत तिला जालना रोडवरच्या या थंडगार हॉलमध्ये आणून खुर्चीत बसवलं होतं. खुर्चीला पांढरं कापड नेसवलेलं, पाठीमागं लाल सॅटिनची गाठ.

"खुर्चीचं लगीन हाय का रे?" तिनं विचारलं.

प्रणय हसला नाही. हसेल कसा? त्याचा जीव समोरच्या पडद्यात अडकला होता. पडद्यावर निळा समुद्र, माडाची झाडं, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'सेरांबा बेट : तुमचं दुसरं घर'. पहिल्या घराचं काय करायचं, ते मात्र कुठं लिहिलं नव्हतं.

पहिलं घर केसरबाईच्या नावावर होतं. मुकुंदवाडीत, स्टेशनाकडून बुद्धविहाराकडं येणाऱ्या गल्लीत. कडुबानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, कंपनीत ओव्हरटाइम करकरून ते बांधलं. कडुबा गेला, पण त्यानं अंगणात घेतलेलं बोअर अजून धो धो चालतं. सगळ्या शहराला नळाचं पाणी आठ-आठ दिवसांनी, आणि मे महिन्यात अख्ख्या गल्लीच्या नळ्या केसरबाईच्या अंगणात. म्हणूनच तर त्या घरावर टँकरवाल्या नानासाहेबांचा डोळा. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं, "सिस्टर, घर पाडा नायतर ठेवा, मला बोअरशी मतलब." आता नानासाहेबांना घर विकायचं, त्या पैशात बेटावर बंगला घ्यायचा, आणि आपण बायपासला भाड्यानं राहायचं, असा प्रणयचा बेत. बेत सगळा पक्का. अडलं होतं ते फक्त आईच्या सहीवर.

"घरचं पाणी इकायचं आन समुद्र बघायला जायचं," केसरबाई म्हणाली. "तुझ्या बापानं ऐकलं असतं तर पायताण काढलं असतं."

"आई, हळू बोल."

"का? हा काय अतिदक्षता विभाग हाय?"

तेवढ्यात माइक हातात घेऊन सोनिया नावाची पोरगी पुढं आली. मुंबईच्या कंपनीची. काळा कोट, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू तिला सगळ्यांची नावं पाठ आहेत. "नमस्कार, छत्रपती संभाजीनगर!" ती म्हणाली, आणि लोकांनी लगेच टाळ्या वाजवल्या. आपल्याच गावाचं नाव ऐकून टाळ्या वाजवायच्या, यात काय कर्तृत्व, हे केसरबाईला कळलं नाही. "विचार करा," सोनिया पुढं म्हणाली, "इथे तुम्ही गर्दीतले एक. सेरांबाला उतरलात की तुम्ही फॉरेनर!"

अरे बापरे! माणसं काय खुलली! पुढच्या रांगेत दाताचे डॉक्टर राजकुमार आणि त्यांची बायको मेघा बसली होती, दोघांच्या माना एकदम ताठ झाल्या. सिल्लोडचे सरकी-मक्याचे व्यापारी वासिफशेठ जॅकेटची बटणं लावून बसले. दुसऱ्याच्या देशात जायचं तर रांगेत उभं राहायचं, एवढंच माहीत असलेली ही मंडळी. फुकटात फॉरेनर व्हायला मिळतंय म्हटल्यावर कोण सोडतो!

मग सोनियानं सोयी दाखवल्या. बंगल्याच्या दारापर्यंत काँक्रीटचा रस्ता. वीज गेलीच तर जनरेटर. वायरचं इंटरनेट, समुद्रात पाय सोडून ऑफिस करा. कचरा रोज सकाळी गाडी नेणार. दवाखाना जवळ. लोक माना हलवत होते, पण निम्मे जण मोबाइलमध्ये होते. मग ती सहज म्हणाली, "आणि पाणी अर्थातच चोवीस तास."

हॉलमधले सगळे मोबाइल एकदम खाली. आणि पुढच्या क्षणाला हातच हात वर.

"प्रेशर कसंय?" राजकुमार डॉक्टर उभेच राहिले. "मोटर न लावता वरच्या मजल्यावर चढतं का?"

"म्हणजे भरून ठेवायचंच नाही?" मेघा म्हणाली. "पिंपं, बादल्या, काहीच नाही?"

"मॅडम, हौद कितने का है? आणि गाळ किती दिवसाला काढायचा?" वासिफशेठ.

आमच्या शहराची ही खोडच आहे, तिला औषध नाही. सोयरीक जुळवायला गेलो तरी मुलाचा पगार मागाहून, आधी विचारतो, तुमच्या एरियात पाणी कितव्या दिवशी येतं? पाण्यावर मुली अडल्यात आणि पाण्यावर खपल्यात इथं. त्या हॉलात एकानंही विचारलं नाही की बाई, हे बेट कुणाच्या राज्यात येतं, तिथला कायदा काय, उद्या भांडण झालं तर कोणत्या कोर्टात जायचं. नळ आहे ना? मग झालं! शिकलीसवरलेली माणसं, आणि नळाच्या गोष्टी अशा ऐकत होती, जशा लहान पोरांनी परीच्या ऐकाव्यात. केसरबाई मनातल्या मनात सगळ्यांना एकेक इंजेक्शन टोचत बसली.

सोनिया हुशार. तिनं गिऱ्हाईक कुठं गळाला लागतंय ते ओळखलं. "थांबा, लाइव्हच दाखवते," म्हणाली आणि बेटावरच्या मॅनेजरला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक घामेजलेला माणूस आला. त्यानं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. जाड धार! हॉलमधून 'आहाहा' असा आवाज आला. त्यानं न्हाणीघरातला सोडला, बागेतला सोडला, आणि उत्साहाच्या भरात बंगला चहूबाजूंनी दिसावा म्हणून फोन घेऊन गर्रकन फिरला.

बंगल्याच्या मागं एक टँकर उभा होता. हिरवा, पोटाला पोचे आलेला, मागच्या कॉकमधून टपटप गळणारा. त्याचा जाड पाइप बंगल्याच्या हौदात सोडलेला. मुंबईच्या माणसाला ती साधी गाडी वाटली असती. संभाजीनगरात दूधपितं पोरही टँकर पाठीवरून ओळखतं.

सोनियाचं हसू जागच्या जागी थिजलं. "ते... ते गार्डनसाठी असतं," ती म्हणाली.

केसरबाईनं मांडीवर थाप मारली. "घ्या! आडातच नाय, तर पोहऱ्यात कुठून येणार!" तिला वाटलं, झाला खेळ खल्लास. आता ही माणसं उठणार, प्रणयही उठणार, आणि आपण जेवायला घरी.

कसलं काय! वासिफशेठ मागं वळून सगळ्यांना म्हणाले, "टँकरपण हाय? मग तर चिंताच मिटली ना राव!"

"बॅकअप आहे म्हणजे," मेघानं नवऱ्याला सांगितलं, आणि नवऱ्यानं समाधानानं मान हलवली. "फक्त एक सांगा," तो सोनियाला म्हणाला, "नंबर लावावा लागतो, की आपोआप येतो?"

"आपोआप!" सोनियाला जीव आला. "मेन्टेनन्समध्येच आहे सर, तुम्हाला फोनसुद्धा करायचा नाही."

आणि टाळ्या पडल्या. टँकरला टाळ्या! केसरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. तिनं शेजारी बघितलं तर तिचं पोरगंही टाळ्या वाजवत होतं.

चहाच्या सुट्टीत तिनं त्याला खांबाआड गाठलं. हातातला समोसा त्याच्याकडं रोखून म्हणाली, "दुरून डोंगर साजरे म्हणतात बाबा, पण हा डोंगर दुरूनच गळताना दिसला. तरी तुला कळंना? नानासाहेबाला बोअर द्यायचं आन तिकडं जाऊन टँकरची वाट बघायची. लई शिकलास तू. तुझी बायको हुशार, अमृता आज आली नाय ते बरं केलं तिनं. आन गल्लीतल्या बायांना मी काय तोंड दाखवू? भामाबाई त्या पाण्यावर खानावळ चालवती. तिला सांगू का, समुद्र बघायला गेलं तुझं पाणी?"

"तुला पाण्याचंच पडलंय सगळं!" प्रणय एकदम भडकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला पाणी नकोय आई. टँकर येऊ दे नायतर न येऊ दे. मागच्या साली आम्ही फ्लॅट बघितला होता, आठवतो? सगळं ठरलं होतं. टोकन द्यायला गेलो, फ्लॅटवाल्यानं आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी म्हणे, दुसऱ्यानं घेतला. कुणी घेतला नाय. मी रोज ऑफिसला तिथूनच जातो. अजून रिकामाय तो. बाल्कनीत कबुतरं राहतात." त्यानं चहाचा कप ठेवून दिला. "तिथं मी फॉरेनर. फॉरेनरला कुणी आडनाव विचारत नाय. पासपोर्ट बघतात आन सर म्हणतात. बस, एवढंच पाहिजे मला."

केसरबाईचा हात खाली आला. तिला माहीत होतं. पोरानं तेव्हा सांगितलं नव्हतं, पण न जेवता पडून राहिलेलं पोर आईला कळतंच. त्या रात्री तिच्याही गळ्याखाली घास उतरला नव्हता. एवढ्या मोठ्या कंपनीत साहेब झालेलं पोरगं, आणि कबुतरांना मिळालेलं घर त्याला मिळालं नाही. तिच्या जिभेवर आणखी दहा टोमणे तयार होते, ते सगळे तिथंच विरघळले. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

"पेन आणलंय का?" तिनं विचारलं.

"काय?"

"सहीला म्हणते. जाऊ दे बोअर. गल्लीला काय सांगायचं ते मी बघते." पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "चल, कुठं करायची दाखव."

हॉलच्या कोपऱ्यात सोनियानं टेबल मांडलं होतं. तिनं दोघांना बसवलं, नकाशा पसरला, आणि केसरबाईला आंटी म्हणत समजावून सांगू लागली. "एक छोटीशी गोष्ट. तिथे फॉरेनरला जमीन घेता येत नाही. जमीन गावातल्याच एखाद्या माणसाच्या नावावर राहते, आपण त्याच्याकडून लीज घेतो. काळजी नको, त्याचं नाव नुसतं कागदावर."

"कुणाच्या नावावर?" केसरबाईनं विचारलं.

"असतो कुणीतरी आंटी. अंगठा देतो, विषय संपला. वाचता कुठे येतं त्यांना!"

"आन राहतो कुठं तो?"

"ही भिंत दिसतेय ना मागची? तिच्या पलीकडे त्यांची वस्ती आहे. विहीरही त्यांचीच होती, ती आता प्रोजेक्टमध्ये आली. त्याच विहिरीचं पाणी टँकरनं आपल्याला येतं."

"मग ते काय पितात?"

"मॅनेज करतात हो," सोनिया हसली. "तुम्हाला ते दिसणारसुद्धा नाहीत. साफसफाईला येतात तेवढंच, तेही मागच्या दारानं. आमचा कडक नियमच आहे."

प्रणयचं पेन कागदावर होतं, ते थांबलं. केसरबाईनं बघितलं, थांबलं. आता हा बोलणार. ज्याला आडनावावरून दारातून परत पाठवलं, त्याला हे ऐकून गप्प बसवणारच नाही. बोल रे बाळा, तिनं मनात म्हटलं, तू बोललास की घर तुझं, बोअर तुझं, मागशील ते तुझं.

प्रणय नकाशावर वाकला. भिंतीच्या रेघेवर त्यानं बोट ठेवलं.

"मॅडम," तो म्हणाला, "आमची बाल्कनी या बाजूला तर येत नाही ना? समुद्राकडचीच द्या. त्यांच्या बाजूची नको."

केसरबाईनं सहीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला. सोनिया काहीतरी समुद्राकडच्या बंगल्याचं सांगत होती, ते तिला ऐकू आलं नाही. ती पोराकडं बघत राहिली. कान कडुबाचे, कपाळ कडुबाचं, बोलणं कुणाचं, ते तिनं ओळखलं.

"त्या फ्लॅटवाल्याला मी सालभर तळतळाट दिला रे," ती म्हणाली. "तो माझ्याच घरात वाढत होता, हे नव्हतं ठावं."

प्रणयनं मान वर केली आणि लगेच खाली घातली. काय बोलली ते त्याला नीट कळलं होतं.

"आंटी, सही इथे..." सोनियानं कागद पुढं सरकवला.

"माझी सही व्हणार नाय," केसरबाई उठत म्हणाली. "आज नाय, उद्या नाय. मी मेल्यावर याला काय करायचं ते करू दे."

ती टेबलांमधून, नेसवलेल्या खुर्च्यांमधून सरळ दाराकडं चालत गेली. वासिफशेठ कुणाला तरी टँकरचा टायमिंग विचारत होते. पायऱ्यांवर ती क्षणभर थांबली, मागं वळून बघितलं. प्रणय नकाशा समोर घेऊन तसाच बसला होता. मग ती खाली उतरली आणि मुकुंदवाडीच्या रिक्षाला तिनं हात केला.