आपा अधांतरी

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी गाडी आहे. तरुणपणी मी पाव वाहिले. पुढे नारीन नावाच्या डोंगरी शहरात आले, तेव्हा माझ्या मागच्या दाराला लोखंडी फळी बसवली. बटण दाबलं की ती चाकांच्या खुर्चीसकट माणसाला वर घेते. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं!

आठवड्यातून तीनदा मी म्हाताऱ्या उलारकानआपांना रक्तशुद्धीसाठी, म्हणजे डायलिसिसला, रुग्णालयात नेते. आपांचे पाय गेले आहेत, जीभ मात्र शाबूत आहे. माझा चालक सापार त्या जिभेला घाबरून असतो.

एका सोमवारी रुग्णालयाच्या दारात फळी खाली येता येता मध्येच अडकली. आपा अधांतरी! सापारने बटण दाबलं, फळीला लाथ मारली, शेवटी हात जोडले. फळी ढिम्म. नऊला आपा यंत्रापाशी नसत्या, तर त्यांचा नंबर गेला असता. त्यांचे हात आधीच सुजले होते.

बघता बघता आठ पुरुष जमले. एक म्हणाला, "तेल घाल." दुसरा म्हणाला, "गाडी जरा हलवून बघ."

आपांनी वाकून फळीच्या खाचेतून लोकरीचा पुंजका उपसला. "सापार, हे माझे केस का रे?"

सापारची मान खाली गेली. "आपा, मेव्हण्याचं लग्न होतं... तीनच मेंढे चढवले."

"तीनच? आणि नवरदेवाला पायी नेलंस?"

लोक खो खो हसले. मला मात्र शरमेने पंक्चर व्हावंसं वाटलं.

"दात काय काढताय?" आपा कडाडल्या. "सल्ला द्यायला आठ जण, उचलायला चारही नाहीत?"

मग काय! आठही जणांनी खुर्ची उचलली आणि थेट आत पळवली. "डावीकडे! अरे, माझं डावं!" आपांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत होता. नऊला दोन मिनिटं असताना त्या पोचल्या.

परत येईपर्यंत सापारने दात घासायच्या ब्रशने खाच लख्ख केली होती. आपा खुर्चीसकट फळीवर आल्या, ब्रशाकडे पाहून म्हणाल्या, "आता घरी याच ब्रशाने दात घास. जन्मभर लक्षात राहील."

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखी एखादी गाडी असेल. तिला सामान वाहायला लावू नका, तिची वाट अडवू नका. कुणीतरी पहाटेपासून बूट घालून खिडकीशी तिची वाट बघत बसलेलं असतं.