हलकी फ्रेम

"तिच्या कपायाकडं पाहून बोला सागरभाऊ, उगी हवेत नोका बोलू! चार वर्षं झाले, ते बाई रोज कुकू पुसून आत जाते!"

"तू मधात नोको पडू कुलदीप. दोनदा माफी लिहून घेतली तुयाकडून. तिसऱ्यांदा डायरेक्ट गेटाबाहीर."

"काढा ना मंग! काढा!"

"अबे, त मंग हे काय आभायातून पडलं काय?" सागरभाऊनं पोछ्याचं पांढरं कापड माया नाकासमोर धरलं. कापडाच्या मधोमध गुलाबी रेघ होती. बोटाएवढी. पह्यलेच पांढरं कापड, त्याच्यावर ते रेघ अशी दिसे जशी कोणी झोपीत हसून राह्यलं.

सागरभाऊ आमचा सुपरवायझर. आमी म्हंजे पोछेवाले. अकोल्याच्या एमआयडीसीत डोयात टाकाच्या औषधाची कंपनी हाय, तठी जे खोली सगयात साफ पाह्यजे, जठी औषध बाटलीत भरते, ते खोली आमी दोघं पुसतो. मी अन् गोदामाय. काल सांजी सुट्टीच्या आधी तिनं पुसलं, अन् आज सकायी कापडावर हे रेघ निघाली. सोमवारी तपासनीवाले येऊन राह्यले. म्हून सागरभाऊचं डोकं सरकलेलं.

गोदामाय भिंतीजवय उभी होती. पातूरहून रोज जीपनं येते. पन्नाशीच्या वर हाय. तिचा मालक जिता हाय, धडधाकट हाय, तरी रोज सकायी कपडे बदलाच्या खोलीत आरशासमोर उभी राहून वल्ल्या कापडानं कपाय पुसते. आत कुकू, पावडर, बांगडी काहीच चालत नाई. पह्यल्या महिन्यात पुसतानी रडे म्हणते. आता रडत नाई, पण पुसल्यावर आरशात पाहत नाई. हे मी पाह्यलेलं हाय. छोटी पितळेची डबी तिच्या लॉकरात राह्यते. सुट्टी झाली का पह्यले ते डबी उघडते, मंग चपला घालते.

मले वाटलं आता बोलंन, आता सागरभाऊले चांगलं सुनावंन. तिची नजर त्या रेघीवर गेली, तठून मायावर आली, अन् ते म्हणे, "असंन बापा. मायाच हातून झालं असंन."

"पाह्य बरं!" सागरभाऊ म्हणे. "आता काय बोलतं?"

"काहून खोटं बोलतं माय?" मी वरडलो.

तिनं लॉकर उघडलं. डबी काढली. रोजच्यापेक्षा मोठं कुकू लावलं, दुपार व्हाच्या आत. थैली खांद्याले लावली. डाव्याच, उजवा खांदा तिचा दोन साल झाले दुखते. जाता जाता मायाजवय थांबली अन् म्हणे, "अमरावतीहून पोछ्याच्या नव्या फ्रेमा आल्या ना? नीट पाहून घेजो. हलकीच्या मांगं नोको लागू. माया खांद्याचा इचार नोको करू."

अन् गेली. उद्या येतो म्हणून नाई सांगतलं तिनं.

मी बादलीले लात मारली. बादली रिकामी होती, लय आवाज झाला.

तेवढ्यात प्राजक्ता मॅडम आल्या. कंपनीत काय चालंन काय नाई चालंन हे त्या ठरवतात. पुण्याच्या आहेत, हळू बोलतात. त्यांनी बादलीकडं पाह्यलं.

"राग संपला असेल तर हात धू आणि आत ये. फ्रेम आज ठरवायचीय."

"मी काहून? सागरभाऊ हाय ना."

"मी कागद वाचलेत, सागरनंही वाचलेत. पण ती फरशीवर तू चालवतोस."

फ्रेम म्हंजे पोछ्याचा सांगाडा. खाली चपटी पट्टी, तिले कापड गुंडायते, मधात बिजागरीसारखा जोड, त्याच्यात दांडा. घरच्या पोछ्याले कोणी इचारत नाई तू कायचा बनला म्हणून. इथं इचारतात. खोक्यातून तीन काढून ठेवल्या होत्या. एक अॅल्युमिनियमची, एक प्लास्टिकची, एक स्टीलची.

आत जाले अर्धा घंटा लागते. चपला एका खोलीत सुटतात, कपडे दुसऱ्या खोलीत, केस टोपीत, तोंड मास्कात, हात दोन-दोन हातमोज्यात. शेवटच्या दाराजवय जातं तवा तुये म्हणून फक्त डोये उरतात. अन् मंग दार उघडते.

मले ते खोली कोनाले सांगताच येत नाई. तठी सावली नाई. साऱ्या छतातून उजेड येते, म्हून तुया पायाखाली तू नसतंच. वरून हवा येत राह्यते, सारखी, हळू, जशी कोणी लय उंचावरून तुया टाळूवर फुंकर घालून राह्यलं. वास नाई. पायाचा आवाज नाई. नुसती एक घरघर, थेही दोन मिंटानं ऐकू येनं बंद होते. माया बाप दर्यापूरले जिनिंगमधी हाय. सीझनमधी तठी कापसाची रुई हवेत तरंगते, बापाच्या भुवया पांढऱ्या होतात, चहावर रुई, भाकरीवर रुई. लहानपणी मी तठी पोत्यावर झोपो अन् डोये उघडले का सारं पांढरं, हळूहळू खाली येनारं. हे खोलीबी तशीच पांढरी हाय. फक्त इथं एक धागा दिसला त धंदा बंद. मले कदीकदी वाटते का हे थेच जिनिंग हाय, पण कोनी त्याच्यातून सारा कापूस येचून नेला, अन् नुसतं पांढरेपण ठेवून देलं.

नववीत मास्तरसोबत भांडून शाळा सोडली तवापासून मी एका जागी चार महिने टिकलो नाई. इथं दीड साल झालं. याच्या मांगं कारण काय म्हणसान त हे खोलीच.

पुसाची रीत अशी, का सरळ पट्टा ओढाचा, दुसरा पट्टा पह्यल्याच्या थोडा आंगावर घ्याचा, अन् मांगं मांगं दाराकडं सरकाचं. वावरात वखर चालवतात तसंच, फक्त उलटं. समोरची वल्ली फरशी चमकत जाते, तिच्यात छताचा उजेड उतरते, अन् मंग वर कोनतं अन् खाली कोनतं हे समजत नाई. मी पाण्यावरून उलटा चालून राह्यलो असं वाटते.

पह्यले प्लास्टिकची घेतली. भिंतीले लागली त आवाज नाई, चांगली वाटली. पण मॅडमनं तिले आधीच वाफेच्या मोठ्या कुकरातून चार-पाच खेपा काढलं होतं. एक कोपरा पापडासारखा उचललेला. त्या कोपऱ्याखाली फरशी कोरडीच राहे. मी बोटानं दाखवलं. मॅडमनं मान हालवली.

मंग स्टीलची. जड. पट्टी फरशीवर अशी बसली जशी तठीच उगवली. कुठी फट नाई, जोडाले नुसतं वेल्डिंग, घासून गुळगुळीत. पण दहा पट्टे झाले अन् माया खांदा बोलाले लागला. माया! अठरा वर्षाच्या पोट्ट्याचा. त गोदामायचं काय होईन?

मंग अॅल्युमिनियमची. हातात काही हायच नाई असं वाटे. तिले ढकला लागत नाई, तिच्या मनानं जाते. मी पट्टे ओढत गेलो, ओढत गेलो, मले वाटलं मी नाई पुसून राह्यलो, खोलीच माया खालून सरकून राह्यली. डोयासमोर गोदामाय दिसे, हेच फ्रेम घेऊन, पाण्यावरून मांगं मांगं चाललेली, खांदा नाई दुखत, काही नाई दुखत.

"हेच घ्या," मी मॅडमले म्हटलं.

"का?"

"गोदामायसाठी."

बाजूच्या स्टीलच्या टेबलावरून त्यांनी एक जुनी फ्रेम उचलली. आमचीच, रोजची, हेही अॅल्युमिनियमचीच, कालची. "नवी असताना हीसुद्धा अशीच तरंगायची. या महिन्यात फरशीचं औषध बदललंय ना, त्यानंतर बघ."

मी उजेडात धरली. माया डोयातून काही सुटत नाई, थेवढंच एक देवानं चांगलं देलं. जोडाच्या दोन्ही बाजूले जे रिवेट ठोकलेले राह्यतात, त्याच्या भोवताल पांढरी भुकटी जमली होती, चुन्यासारखी. नव्या औषधानं धातू खाल्ला होता. मी जोड हालवून पाह्यला. रिवेट हालला. दुधाचा दात हालते तसा.

अन् त्याच्या खालून एक थेंब आला.

गुलाबी.

थो लगेच पडला नाई. लटकला. साऱ्या खोलीत रंग म्हणून तेवढाच एक. मी त्याच्याकडं पाहत राह्यलो, हवा वरून येत राह्यली, कितीक टाइम गेला मले मालूम नाई. मंग थो माया हातमोज्यावर पडला, अन् मले झेंडूचा वास आला. मास्कात. जठी कायचाच वास येत नाई तठी.

मांगं खंडेनवमीचा दिवस होता. कंपनीतल्या पोट्ट्यांनी बाहीरच्या जनरेटरले हार घातला, कॉम्प्रेसरले हार घातला, फोर्कलिफ्टले त नवरदेवच करून ठेवलं. मी धुण्याच्या खोलीत आलो त आमची फ्रेम कोपऱ्यात उभी. सालभर राबते, तिले कोणी फूल वाहत नाई. घरी बाप जिनिंगच्या मशीनले टिक्का लावते, आजा वखराले लावे. मले राग आला. मी गोदामायले म्हटलं, डबी दे.

"आतल्या वस्तूले नोको लावू रे," ते म्हणे, पण हसून राह्यली होती. "देव काय आत येऊन पाहते?"

"धुवून टाकतो ना माय. मिंटभर लावतो."

तिनं डबी देली. मी बरोबर जोडावर लावलं, पाची बोटं. एक झेंडूबी ठेवला. दोघांनी हात जोडले. मंग मी तीन खेपा धुतली, आंगाच्या जोरानं धुतली. वरचं सारं गेलं. रिवेटच्या खालचं नाई गेलं.

अन् तिले मालूम होतं. आज सकायी त्या रेघीकडं पाह्यल्याबरोबर मालूम होतं. तिसऱ्या खेपेले गेटाबाहीर मी जाईन, हेही मालूम होतं. म्हून म्हणे मायाच हातून झालं असंन. चार साल जे कुकू पुसून पुसून आत गेली, त्याचा आळ तिनं एका मिंटात आपल्या कपायावर घेतला, अन् वरून मोठं कुकू लावून गेली.

मी म्हटलं, "मॅडम, हे म्या केलं."



"काय?" मॅडम म्हणे.

दुसऱ्या खेपेले सांगनं लय जड गेलं. "कुकू म्या लावलं होतं. खंडेनवमीले. फ्रेमले. गोदामायनं नाई."

मॅडमचे फक्त डोये दिसत होते. त्यात काय होतं हे मले नाई समजलं, अन् मले सारं समजते असं मी समजत होतो.

"बाहेर चल," त्या म्हणे.

बाहीर येऊन त्यांनी पकडीनं दांड्याच्या बुडाचं टोपण काढलं. आतून पाणी निघालं, बेकार वास मारनारं. मंग रिवेट उपटला. खाली कुकवाचा चिखल, नखाएवढा. सागरभाऊ मांगून वाकून पाहून राह्यला होता.

"हे पाणी तर तुझं नाही ना?" मॅडम म्हणाल्या. "फट होती, म्हणून साचलं. तू काही लावलं नसतंस तरी साचलंच असतं. रंग नव्हता म्हणून कुणाला दिसलं नसतं." मंग मायाकडं पाहून म्हणे, "पण तू लावलंस."

"हो."

"स्टीलची घेऊ. फट नसलेली."

"मंग छोटी घ्या," मी म्हटलं. मले राहवलं नाई. "एवढी लांबलचक नोको. हाताएवढी घ्या. तिचा खांदा हाय."

"पट्टे दुप्पट होतील."

"मी ओढतो ना! होऊ द्या." मंग आठवलं का मी उद्या आत असंन का नाई हेच ठरलं नाई.

अमरावतीवाल्याच्या खोक्यात तळाले एक छोटी स्टीलची होती. कोणी काढलीच नव्हती. सागरभाऊनं काढली, तोलून पाह्यली, मले देली. "म्या फोन लावला बे तिले," तो खाली पाहून म्हणे. "तीनदा. नाई उचलत."

"फोनवर नकोच," मॅडम म्हणाल्या. "तुझं काय करायचं ते सोमवारनंतर बघू. आधी त्यांना समोर बसून सांग. आणि ही त्यांच्या हातात देऊन बघ, झेपते का."

आता मी पातूरले जानाऱ्या जीपच्या स्टँडवर हाव. चार वाजले. जीप भरल्याबिगर निघत नाई, म्हून टपरीवर बसलो. फ्रेम मांडीवर हाय, प्लास्टिकात गुंडायलेली. बाजूचा म्हातारा इचारते, हे काय होय, वखराची लोखंडी पास होय काय? मी म्हटलं, तसंच समजा. बाहीर सारं कसं रंगारंगाचं हाय, संत्री, जीपच्या हिरव्या झालरी, कोण्या बाईच्या कपायावरचं, अन् सारं मले आत बसल्यासारखं लांबून दिसून राह्यलं. मी मनात जुळवून राह्यलो का पह्यले काय म्हणू. माय, चाल परत, म्हणू? का पह्यले थेच म्हणू, माय, ते कुकू...

जीप भरली. ड्रायव्हर बोंबलून राह्यला. मले जा लागते आता.