धामणीचा बाण

कुंडलिकने धामणीच्या झाडाची वाळलेली काठी निखाऱ्यावर शेकली, गुडघ्याला टेकवून बाक काढायला जोर लावला आणि ती कडकन मोडली.

"मोडली," सासरा धाऊ म्हणाला. ते कुंडलिकला दिसतच होतं. पण धाऊला बोलून दाखवल्याशिवाय घास उतरत नसे.

"जास्तच सुकलेली होती, मामा."

"सुकलेलीचाच करतात. जोर नको लावू, जावय. ऊब लागली का काठी आपण होऊन ऐकते. मारून ऐकवायची रीत तुमच्या शहापुरात असंल, इकडं नाय."

आत सूप पाखडल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला. आत चंद्रकला होती, कुंडलिकची बायको.

शिमग्यात भाकर करपली एवढ्यावरून त्याने तिला जळणाच्या लाकडाने मारलं होतं. ती तशीच डोळखांबच्या गाडीत बसून माहेरच्या पाड्यावर आली. तो न्यायला आला तेव्हा धाऊने शिवी दिली नाही, पाणी दिलं. "ने की," म्हणाला, "पर आधी तुझ्या हातचा एक सरळ बाण करून दे."

कुंडलिकला ती थट्टाच वाटली. धाऊचं तोंड तसंच होतं. सिद्धगडाच्या रानात त्याने सोडलेला बाण म्हणे रात्रभर डुकरामागे धावला आणि सकाळी दमून याच ओसरीवर पाणी मागत बसला. हे तो गळ्याला हात लावून सांगे, आणि ऐकणारा हसला की रुसे.

कंपनीला सुट्टी असली की कुंडलिक पाड्यावर येई. साल काढायची, काचेच्या तुकड्याने खरवडायचं, एक डोळा मिटून काठीवरून नजर टाकायची, बाक दिसला की पुन्हा विस्तव. परसात पेंढ्याचा एक भारा खुंटाला बांधलेला होता आणि त्याला भोकं पडलेली होती. दर खेपेला ती भोकं जवळ जवळ येत चालली होती. कोंबड्या टोचत असतील, अशी त्याने मनाची समजूत घातली.

हात बसू लागला तशा धाऊच्या गोष्टी कमी झाल्या. मग बंदच झाल्या. कुंडलिकला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

एका दुपारी काठी सरळ झाली. त्याने मागच्या टोकाला दोरीसाठी खाच पाडली, पिसं डिंकाने चिकटवून दोऱ्याने आवळली. धाऊने कनवटीतून लोखंडी पातं काढलं. नुकतंच पाजळलेलं होतं.

"पातं कशाला, मामा? शोभेचा तर बाण."

"शोभेचा कोन बोललं?"

कुंडलिकने पात्याला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

"आता लांबी," धाऊ म्हणाला. "बाण ज्याचा, माप त्याच्या हाताचं. खाच छातीला, हात पुढं सरळ. बोटं सरली का तिथं कापायचं."

कुंडलिकने खाच आपल्या छातीला टेकवली आणि दोन्ही हात लांब केले.

"तुझा हात नको. चंद्रे, ये गो भायेर."

चंद्रकला पदराला हात पुसत आली. बाण छातीशी धरून तिने हात ताणले. माप कसं द्यायचं ते तिला सांगावं लागलं नाही.

"कर खूण, जावय. बाण तुझा हाय ना."

कुंडलिकने तिच्या बोटांपुढे सुरीने खूण केली. त्याने तिथेच काठी कापली, धाऊने पातं बसवलं.

"झाला. ने आता हिला."

चंद्रकलेने गाठोडं आणलं. मग आढ्याला लावलेलं धनुष्य, बापाचं कामठं, उतरवून दोरी अंगठ्याने छेडून पाहिली आणि ते नव्या बाणासकट खांद्याला अडकवलं. सासू बाईजा दारात आली. तिने लेकीच्या हातावर गूळ ठेवला, जावयाकडे पाहिलं आणि आत गेली.

गाडीच्या रस्त्यापर्यंत सगळं रान होतं. पायवाट एका माणसापुरती.

"मी मागनं येतो," कुंडलिक म्हणाला.

"असं कसं? नवऱ्यानं पुढं चालायचं," चंद्रकला म्हणाली. "व्हा पुढं."

तो पुढे झाला.