चौदा दिवसांचं चुलबंद आवतण

चौदा दिवसांसाठी कझाकस्तानला गेलेला मी चौथ्या दिवशी परत आलो.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. गावाच्या लेखी मी अजून तिकडेच आहे. काल तिकडे पाऊस झाला, असं माझे वडील भुजंगअण्णा फोनवर मलाच सांगत होते. आदल्या दिवशी मीच त्यांना तसं कळवलं होतं, ते विसरले असावेत. त्या वेळी मी लातुरात एका अभ्यासिकेत अडतीस नंबरच्या खुर्चीवर, कूलरच्या वाऱ्यात बसलो होतो. आजूबाजूला पन्नासेक पोरंपोरी डॉक्टर व्हायचा अभ्यास करत होती. त्यांतल्या एकानंही मान वर करून माझ्याकडे बघितलेलं नाही. लपायचं असलं तर माणसानं जंगलात जाऊ नये, लातुरात यावं.

तर मी अजून गेलेलोच नाही असं धरू आणि सुरुवात करू.

माझं नाव सत्यम. गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडे सहा किलोमीटरवर. बारावीनंतर लातुरात दोन वर्षं शिकवण्या लावल्या, मार्क कमी पडले, म्हणून कझाकस्तानातल्या सेमेय या शहरात डॉक्टरकी शिकायला गेलो. तिथं सहा वर्षं राहिलो. पदवी घेऊन परत आल्यावर, इथं डॉक्टर म्हणवून घ्यायचं तर आणखी एक परीक्षा द्यावी लागते. ती मी चार वेळा दिली. मला परत परत बोलावणारी या देशात ती एकटीच आहे.

सध्या मी नांदेडला एका ऑफिसात बसतो. पोरांना परदेशी शिकायला पाठवायचं काम. आईबाप समोर बसतात आणि विचारतात, तिकडं थंडी असते का हो? मी म्हणतो, फार नसते. माझ्या मागच्या भिंतीवर माझाच फोटो आहे, त्यात मी छातीपर्यंत बर्फात उभा आहे. आजवर एकाही बापानं हरकत घेतलेली नाही.

सेमेयला मी शोल्पान आपांच्या घरी खोली घेऊन राहायचो. आपा म्हणजे तिकडे वडीलधाऱ्या बाईला म्हणतात. रोज संध्याकाळी पाचला स्वयंपाकघरातून त्यांची हाक यायची, "सत्यम, चहा." सहा वर्षांत एकही दिवस चुकला नाही. मी खोलीत असो की नसो, हाक यायचीच. एकदा मी दवाखान्यात भरती होतो तरी आली, असं नंतर शेजारणीनं सांगितलं.

इथं परत आल्याला तीन वर्षं झाली. ऑफिसात मला 'सर' म्हणतात. गावात पारावर 'डॉक्टर' म्हणतात आणि खाली बघून हसतात. घरी अण्णा आईला विचारतात, "ते जेवलं का?" तीन वर्षांत माझं नाव पूर्ण आणि मोठ्यानं फक्त परीक्षेच्या हॉलबाहेरच्या माणसानं घेतलं, तेही यादीतून. त्यामुळे मला एकच गोष्ट बघायची होती. सेमेयला पाच वाजता येणारी ती हाक अजून माझी आहे का?

आणि जायला अडचण काहीच नव्हती. आता भारताच्या माणसाला कझाकस्तानात चौदा दिवस व्हिसा लागत नाही. पासपोर्ट घ्यायचा आणि जायचं.

मी हे घरी सांगितलं तेव्हा केवळाबाई आत्या आलेली होती. आवतणाच्या बाबतीत आत्याचा शब्द आमच्या भावकीत शेवटचा असतो. तिनं मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. म्हणजे फक्त तुला न्हाई, अण्णालाबी चालंल? चालंल. मला? तुलाबी. भिंतीपल्याडच्या बालाजीच्या घरच्या समद्यास्नी? समद्यास्नी. अख्ख्या देशाला?

"हाव," मी म्हणालो.

"मंग हे चुलबंद आवतण झालं," आत्या म्हणाली. "अख्ख्या देशाला चुलबंद. तुला कोण वळखणार त्यात?"

आमच्याकडे लग्नकार्याचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चुलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी यायचं. पण दोन्हीतही नुसत्या आवतणावर कुणी उठून जात नाही. पंगत बसायच्या वक्ताला दुसरं बोलावणं यावं लागतं. कुणीतरी दारात येऊन, नाव घेऊन, "चला, ताटं वाढल्यात," म्हणावं लागतं. ते आलं नाही तर माणूस धुतलेलं धोतर नेसून आपल्याच उंबऱ्यावर उपाशी बसतो. बालाजीकाकाच्या पोरीच्या लग्नात अण्णांना दुसरं बोलावणं द्यायचं राहून गेलं. मधे फक्त एक भिंत होती. पलीकडून बुंदीचा वास येत होता आणि वाढप्यांचा आवाज येत होता. अण्णा चार वाजेपर्यंत फेटा बांधून बसले, मग फेटा सोडून शिळी भाकरी खाल्ली. पुढं दोन वर्षं त्या भिंतीला आमच्याकडून कुणी पाठही टेकली नाही.

"तिकडून दुसरं बोलावणं आलंय का, ते सांग," आत्या म्हणाली.

मी म्हणालो, तिकडं तशी पद्धत नाही.

"पद्धत समदीकडं असती. तुला ठावं नसंल."

तरी तिनं जाताना येसराचा पुडा बांधून दिला. येसर आमच्याकडचा भाजलेल्या डाळींचा मसाला. शोल्पान आपा सहा वर्षं तो घोड्याच्या मटणात घालायच्या. हे आत्याला मी सांगितलेलं नाही.

अल्माटीच्या विमानतळावर मी उत्तरं पाठ करून उभा होतो. शिकायला गेलो तेव्हा तिकडून निमंत्रणाचं पत्र यायचं, त्यावर माझं नाव, बापाचं नाव आणि गाव असायचं. काचेआडचा माणूस ते वाचायचा, माझ्याकडे बघायचा, परत वाचायचा. कुणाकडे राहणार, कशाला आलात, कधी जाणार, सगळं विचारायचा. तेव्हा फार राग यायचा. या खेपेला काचेआडच्या बाईनं पासपोर्ट उघडला, शिक्का मारला, सरकवला. काही विचारलंच नाही. मीच आपणहोऊन रशियनमध्ये म्हणालो की मी इथं सहा वर्षं राहिलो आहे. ती म्हणाली, "चौदा दिवस," आणि माझ्या मागच्या माणसाला हात केला.

अल्माटीहून एक दिवस रेल्वे. सेमेयला उतरलो तेव्हा वारं तसंच होतं, कोपऱ्यावरचं पावाचं दुकान तसंच होतं. मी तिसऱ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली. दार गीतांजलीनं उघडलं.

गीतांजली बिलोलीची. गेल्या वर्षी आमच्याच ऑफिसातून तिला सेमेयला पाठवलं. आपांकडची खोली मीच तिला लावून दिली. तिच्या वडिलांना मीच म्हणालो होतो, घर लई चांगलं आहे, बाई पोटच्या पोरासारखं बघतात. मी येतोय हे तिनं आपांना सांगून ठेवलं होतं. आपांनी ऐकून घेतलं होतं, असं ती म्हणाली.

आपा आतून आल्या. थकल्या होत्या. मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तशा त्यांनी माझ्याकडे बघितलं. नंतर बुटांकडे बघितलं. मी बूट काढले.

"आपा, मी सत्यम," मी म्हणालो.

आपा हसल्या. गीतांजलीच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "सत्यम ही."

मला वाटलं माझं कझाक गंजलं असेल. गीतांजलीनं मराठीत खुलासा केला, तोही अगदी सहज. "सर, त्या मला सत्यमच म्हणतात. मी आले त्या दिवसापासून. पहिल्यांदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं. गीतांजली त्यांना म्हणताच येत न्हाई."

मी म्हणालो, हरकत नाही. दुसरं काय म्हणणार? माझं नाव त्या घरात होतं, रोज पाच वाजता घेतलं जात होतं, फक्त तिथं आता बिलोलीची मुलगी राहत होती.

मी येसराचा पुडा दिला. आपांनी नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि डोळे मिटलेले असेपर्यंत मला आशा होती. मग त्यांनी पुडा गीतांजलीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, बघ सत्यम, तुझ्या घरचा वास.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तिकडे चहा बिनकानाच्या वाडग्यात देतात. आपांनी गीतांजलीच्या वाडग्यात अर्ध्याहून कमी चहा ओतला. माझा वाडगा मात्र त्यांनी काठोकाठ भरला. इतका, की उचलला असता तर सांडला असता.

गीतांजलीनं दोन्ही वाडग्यांकडे बघितलं. हळूच मराठीत म्हणाली, "बघा सर. तुम्हाला कसा फुल भरून दिला. माझ्यावर जीवच न्हाई त्यांचा. वर्ष झालं, रोज अर्धाच देऊन राहिल्यात."

मीही पहिल्या वर्षी हेच म्हणायचो. अण्णांना फोन करून सांगितलं होतं, बाई चिक्कू आहे, अर्धा वाडगा चहा देते. अण्णा म्हणाले होते, घर बदल. आमच्याकडे पाहुण्याला कप बशीत सांडेपर्यंत भरून देतात. अर्धा कप म्हणजे अपमान. दोन वर्षांनी मला कळलं की तिकडे उलटं आहे. अर्धा वाडगा म्हणजे बस, तुझा संपला की मी परत ओतीन, परत ओतीन, आपल्याला घाई नाही. काठोकाठ भरलेला म्हणजे हा पी आणि निघ.

आत्या म्हणाली होती, पद्धत समदीकडं असती. मला ठाऊक नसती तर बरं झालं असतं.

गीतांजलीला मी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती माझी कीव करत बसली असती. मी तोंड वाडग्याजवळ नेऊन वरचा चहा शोषून घेतला, मग वाडगा उचलला. चहा पूर्वीसारखाच होता, दूध जास्त, मीठ थोडं. जितका सावकाश पिता येईल तितका सावकाश प्यायलो. आपांनी मला शहर आवडलं का ते विचारलं. मी आवडलं म्हणालो. पहिल्यांदाच आलात का? मी हो म्हणालो. तोपर्यंत मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

वाडगा रिकामा झाला. आपांनी किटलीला हात लावला नाही.

गीतांजली मला खालपर्यंत सोडायला आली. अभ्यासाचं विचारत होती, तिच्या वडिलांना फोन करा म्हणत होती. आम्ही फाटकाशी होतो, तेवढ्यात वरून तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडली.

"सत्यम!"

आम्ही दोघांनी एकदमच वर बघून ओ दिली.

आपा खिडकीत होत्या. त्यांनी हातानं वाडगा धरल्याची खूण केली. "चहा निवतोय," त्या म्हणाल्या.

गीतांजलीनं माझ्याकडे बघितलं. तिला बहुतेक तेव्हा काहीतरी कळलं. म्हणाली, "सर, तुम्ही बी चला की वर."

"जा," मी म्हणालो. "तुला बोलावलंय."

ती गेली. खिडकी बंद झाली. माझ्याकडे अजून बारा दिवस शिल्लक होते आणि त्या देशात मला कुणाचीही मनाई नव्हती. मी स्टेशनवर गेलो.

आता लातुरात सहावा दिवस चालू आहे. नांदेडला जाता येत नाही, ऑफिसनं माझी रजा लावून दारावर 'सत्यम सर कझाकस्तान दौऱ्यावर' असा कागद डकवला आहे. गावी जाता येत नाही, अण्णांनी पारावर रोजचं हवामान जाहीर केलं आहे. काल आत्याचा फोन आला. तिनं जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "दुसरं बोलावणं आलं का रे?"

"हाव," मी म्हणालो. "खिडकीतून नाव घेऊन बलावलं."

"मंग बरं झालं," आत्या म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं होतं.

आज दुपारी अभ्यासिकेतल्या एका पोराकडून मी फुलस्केप कागद मागून घेतला. त्यानं मान वर न करता दिला. त्यावर पुढीलप्रमाणे अर्ज लिहिला आहे.

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
परदेशी नागरिक प्रवेश विभाग, कझाकस्तान.
मार्फत : मा. तहसीलदार साहेब, शिरूर अनंतपाळ, जि. लातूर.

विषय : बिनव्हिसा प्रवेशाच्या सवलतीतून अर्जदाराचे एकट्याचे नाव वगळणेबाबत.

महोदय,

आपल्या देशाने सर्व भारतीयांस चौदा दिवस व्हिसाशिवाय येण्याची मुभा दिली आहे, त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. तथापि सदर सवलतीमध्ये अर्जदारास कोणी बोलावले, याचा कोठेही उल्लेख होत नाही व तशी विचारणाही केली जात नाही. तरी अर्जदारास सदर सवलतीतून कायमचे वगळावे व यापुढे त्याच्याकडून व्हिसा मागण्यात यावा. सदर व्हिसासाठी आपल्या देशातील किमान एका इसमाने अर्जदाराचे संपूर्ण नाव स्वहस्ते लिहून "यास येऊ द्यावे, मी वाट पाहत आहे" असे लेखी देणे बंधनकारक करावे. असा इसम आढळून न आल्यास तो शासनाने उपलब्ध करून द्यावा, ही नम्र विनंती.